झोंबलं म्हणजे लागू पडते

रात्री साडेनऊला, मानेवाडा रोडवर,
पारा अजून एकोणचाळीसवर अडकलेला,
श्रावस्ती गजभियेनं काउंटरवर पिशवी उपडी केली.
सात ट्यूबा, दोन बाटल्या,
आणि फरसाणाच्या जुन्या डब्यात
काटोलच्या आत्यानं धाडलेली संत्र्याच्या सालीची भुकटी.
"मॅडम, यातलं नेमकं कोण जाळून राहिलं मले?"

मग तिनं तोंडावरचा स्कार्फ सोडला.
पुटकुळ्या होत्या, पण त्यांच्याहून जास्त
लाली, आणि सुटलेले पापुद्रे,
पश्चिमेच्या भिंतीचा रंग मे महिन्यात सुटतो तसे.

मी चष्मा पुसला.
ट्यूबच्या पाठीवरची अक्षरं मुंगीएवढी.
जास्त असतं ते आधी लिहितात,
चिमूटभर असतं ते शेवटी.
लग्नपत्रिकाच म्हण ना,
वर वडीलधारी, खाली अगदी कोपऱ्यात
"आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं".
सुगंध नावाचं पोरगं त्या शेवटच्या ओळीत,
आणि मांडवभर धिंगाणा त्याचाच.

हे सॅलिसिलिक. तेलात उतरतं,
रंध्रात जाऊन बसलेलं बूच सैल करतं.
हे बेंझॉइल पेरॉक्साइड. जंतू मारतं.
अडीच टक्क्यांनी भागलं असतं, तू दहाचं आणलंस.
("माह्या निळ्या अभ्र्यावर पांढरे डाग पडले!"
तेच ते. कापडाचा रंग खातं.)
हे अॅडापॅलीन. रात्रीचं, तुरीच्या दाण्याएवढं,
आणि तीन महिने धीर मागणारं.
तिघेही कामाचे.
पण तू तिघांना रोज एकाच रात्री बोलावलंस
आणि वरून पाहुणचाराला ही बाटली, अर्धी अल्कोहोलची,
ही दुसरी पुदिन्याच्या सत्त्वाची.
गार वाटते ना?
थंडावा नाही ग तो, थंडाव्याची थाप आहे.

आणि डबा?
संत्रं आपल्या गावचं,
म्हणून त्याची साल आपल्या गालाशी
मायेनं वागेल असं कुठं लिहिलंय.

"पण मॅडम, झोंबलं म्हणजे लागू पडते ना?"

मला उत्तर येत होतं, आणि लगेच देता येईना.
गुडघा फुटल्यावर स्पिरिटचा बोळा दाबत
आई हेच म्हणायची.
होस्टेलवर मुरमांना टूथपेस्ट थापून
मी रात्रभर हेच म्हणत पडले होते.
डाव्या गालावर त्याचे तीन खड्डे आहेत,
काउंटरच्या ट्यूबलाइटमध्ये जरा जास्तच दिसतात.

सातवी ट्यूब मी पालथी केलीच नाही.
तिची पाठ मला पाठ आहे.
एकात तीन औषधं, त्यातलं एक स्टिरॉइड.
पहिल्या आठवड्यात चेहरा काचेसारखा,
मग सोडवत नाही,
सोडली की दुपटीनं परत.
"ही कुठून घेतलीस?"
"इथूनच. फेब्रुवारीत."
कूलरचा पंप तेवढा घरघरत होता.
"तुमीच तर देल्ली."

चिठ्ठी मागितली नव्हती मी.
दुपारची गर्दी असेल.
किंवा नसेलही.

पावतीच्या मागं लिहून दिलं:
मेडिकलची ओपीडी, त्वचेचा विभाग, सकाळी लवकर जाणे.
सातवीचं काय ते तिथं विचारणे, ट्यूब सोबत नेणे.
तोवर बाकी सगळं बंद.
साधा फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर, उन्हात सनस्क्रीन.
"बस एवढंच?" ती म्हणाली,
फसवल्यासारखं तोंड करून.
मग स्कार्फ गुंडाळला, गाडीला किक मारली
आणि तुकडोजी चौकाकडं वळली.

डबा राहिला तिचा.
शटर ओढायच्या आधी
पुढच्या रॅकवरच्या त्या चौदा ट्यूबा
मी खालच्या कुलूपवाल्या खणात टाकल्या.
सकाळी शेठ विचारतील, कावून.
अजून काही सुचलेलं नाही.

डबा बंद करताना भुकटी सांडली,
बोटाला कागदानं कापलेल्या चिरेत गेली.
झोंबत राहिली घरापर्यंत.
नुसतीच.